दुसऱ्या बोटाचं माप

मी बायकांची मापं घेते. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि फिटिंगच्या बाबतीत माझ्यापुढं कुणी तोंड उघडू नये असं मला अजूनही वाटतं. माप देताना बायका खोटं बोलतात. तोंडानं नाही, पोटानं. टेप जवळ आली की श्वास आत ओढून घेतात आणि फोटो काढायला उभं केल्यासारख्या ताठ होतात. मी म्हणते, "ताई, सोडा श्वास. हा ब्लाउज घालून लग्नात जेवायचंय ना तुम्हाला?" मग त्या हसतात, पोट जागेवर येतं आणि मी खरं माप घेते.

एवढी मी मापातली बाई, आणि मला स्वतःच्या पायात बसणारा बूट काही केल्या मिळेना.

आधी पळणं कसं सुरू झालं ते सांगते, म्हणजे या वयात बाईला ही अवदसा कुठनं आठवली हा प्रश्न मिटेल. मशीनवर बसून बसून माझी कंबर धरली होती. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी गल्लीतल्या बायकांबरोबर यवतेश्वरच्या घाटात चालायला लागले. चालणं कसलं, सुनांच्या तक्रारी सांगायला कुणाच्या कानावर पडणार नाही अशी जागा हवी होती, ती मिळाली होती एवढंच. एक दिवस वळणावर कुत्रं मागं लागलं. बाकीच्या ओरडत एका जागी गोळा झाल्या, मी मात्र पळाले. थोड्या वेळानं कुत्र्यानं नाद सोडला. मी नाही सोडला. पुढच्या वळणापर्यंत तशीच गेले आणि तिथं कमरेवर हात ठेवून धापा टाकताना माझ्या लक्षात आलं की आपल्याला मजा आली. पन्नाशी उलटलेल्या बाईला साताऱ्यात मजा येण्याच्या जागा फार नाहीत. दुसऱ्या दिवशी कुत्रं नव्हतं, तरी पळाले.

तेव्हापासून पहाटेचा तो तास माझा झाला. दिवसभर कुणाची तरी बाही घट्ट झालेली असते, कुणाला गळा मोठा हवा असतो पण सासूला दिसायला नको असतो, घरात कुणाला तरी चहा पाहिजे असतो. घाटात कुणाला काही नको असतं. शहर खाली राहतं, समोर अजिंक्यतारा उजळत जातो आणि मला माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. हे सुख मला फार उशिरा सापडलं. कुणी ते काढून घेईल अशी मला सारखी धास्ती असायची.

आणि मग माझ्या जुन्या कॅनव्हासच्या बुटात उजव्या पायाचं दुसरं बोट दुखायला लागलं. अंगठ्याशेजारचं. घाट चढताना काही नाही, उतरताना मात्र कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखं. नख काळं पडलं. बोट वाचवायला पाय तिरका टाकायला लागले, तर गुडघ्यानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला आणि म्हणाले, "नीट बसणारे, तळाला भरपूर मऊ असे पळायचे बूट घ्या. ते जमणार नसेल तर पळणं बंद करा." यातलं दुसरं वाक्यच आमच्या घरात ऐकू गेलं.

घरात आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि सासूबाई. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात अजून ड्यूटीवरच असतात. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय, म्हणून ते पेपरच्या स्टॉलपर्यंत जातात आणि परत येताना रिक्षा बघतात. तर या गृहस्थांचं बुटांबद्दलचं मत असं: "बूट पायाला बसवायचा नसतो, पाय बुटाला बसवायचा असतो. आम्हाला स्टोअरमधनं जो जोड मिळायचा तो आपला. आठवड्यात पाय सरळ."

"मग तुमच्या दोन्ही करंगळ्या वाकड्या कशानं झाल्या?"

"ते वेगळं," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मी पोवई नाक्यावरच्या एका दुकानात गेले. बायकांचे पळायचे बूट म्हटल्यावर विक्रेत्यानं गुलाबी काढले. दुसरे दाखवा म्हटलं, तर जास्त गुलाबी काढले. शेवटी वरच्या फळीवरनं एक राखाडी जोड खाली आला. त्यानं पुढून अंगठ्यानं दाबून बघितलं आणि एखाद्या वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटून म्हणाला, "बरोब्बर आहे." मी म्हटलं, दुसऱ्या बोटाला लागतंय. तो म्हणाला, "वापरून सैल पडतील, मॅडम." हे वाक्य मी स्वतः धंद्यात रोज वापरते, त्यामुळं त्यात किती दम असतो ते मला चांगलं माहीत आहे. तरी घेतले. बूट सैल पडले नाहीत. नख मात्र पडलं.

मग माझी धाकटी बहीण मध्ये पडली. ती सांगलीत विश्रामबागेत राहते आणि जगातली कुठलीही गोष्ट सांगलीत जास्त चांगली मिळते यावर तिची श्रद्धा आहे. "तुमच्या साताऱ्यात काय मिळणार, ताई? कंदी पेढे आणि पेन्शनर. इकडं ये. मोठं शोरूम झालंय. मशीनवर पाय बघतात." मशीन म्हटल्यावर माझा विरघळायचा स्वभाव आहे. पहाटेची एसटी धरली, कराडला वडापाव खाल्ला आणि दुपारच्या आत सांगलीत.

शोरूममध्ये चप्पल दाराशी काढायला लावली. मी मनात म्हटलं, देवळात आलोय की काय. टाय लावलेले एक गृहस्थ पुढं आले. त्यांनी स्वच्छतेसाठी म्हणून मला पातळ मोजे घालायला दिले आणि काचेच्या एका पाटावर उभं केलं. पडद्यावर माझे दोन पाय उमटले, लाल, पिवळे, हिरवे. बहिणीनं लगेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय आत झुकतो." मी घाबरले. मग ऐकलं तर शेजारच्या पाटावरच्या माणसाचाही आतच झुकत होता, त्याच्या बायकोचाही झुकत होता. त्या मशीनपुढं अख्खी सांगली आत झुकत असावी.

पण खरं सांगायचं तर त्यांनी काढलेला बूट पायात घातला आणि मी सगळी थट्टा विसरले. काय मऊ! कापसाची नवी गादी असते ना, पहिल्याच दिवशी तिच्यावर उभं राहावं, तसं. मी दुकानात दोनदा उडी मारून बघितली. बहीण म्हणाली, "ताई, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत. पुढं बोटाला जरा लागत होतं, ते मी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "पळताना पाय फुगतो, म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा." मोठा घेतला. येताना बहिणीनं भडंगाचं मोठं पुडकं हातात ठेवलं, आणि मी गाडीत खिडकीशी बसून मांडीवर बुटांचा डबा घेऊन नव्या नवरीसारखी साताऱ्याला आले.

दुसऱ्या दिवशी घाटात टाच मागनं बाहेर यायला लागली आणि बोट पुढं तसंच दुखायला लागलं. म्हणजे बूट सैलही होता आणि घट्टही होता. तीस वर्षांच्या धंद्यात असं फिटिंग मी बघितलं नव्हतं. एखादा ब्लाउज एकाच वेळी सैल आणि घट्ट झाला, तर मी कारागिराच्या डोक्यात कात्री घालेन. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मग तुझ्याच पायात काहीतरी खोट असणार. मशीन कसं चुकेल?"

डब्यावर कंपनीचा मदतीचा नंबर होता. तिथं आधी एका यंत्रानं माझ्याशी बोलून घेतलं, मग भरपूर संगीत ऐकवलं, मग फोन ठेवून दिला. मी चिकाटी सोडली नाही. संदेश पाठवला, अगदी सविस्तर, घाटापासून नखापर्यंत. उत्तर आलं: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपले पाय आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत.' मला बघायला आले होते तेव्हा 'जरा चालून दाखव' म्हणाले होते, पण पाय महत्त्वाचे आहेत असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

पुढं त्यांनी सांगितलं की मोजे न घालता कागदावर उभं राहा, पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्याचा फोटो पाठवा. हे तर माझंच काम. मी कटिंगचा खाकी कागद काढला, पेन्सिल सरळ उभी धरली, बोटांच्या फटींतनंसुद्धा फिरवली, कुठं हात हलू दिला नाही आणि दोन्ही पाय असे काढले की बघत राहावं. खाली आडवी-उभी मापंसुद्धा लिहिली. मनात म्हटलं, यांनी जन्मात असं माप बघितलं नसेल.

बघितलं नव्हतंच. त्यांचं उत्तर आलं: 'आपल्या दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी असाधारण फुगवटा दिसत आहे. कृपया बुटांचा वापर थांबवून हाडांच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.'

झालं! घरात हलकल्लोळ. बहीण सांगलीहून फोनवर रडायला लागली, "ताई, मिरजेला ये गं, इथं हाडांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत." भिशीच्या बायका दुपारी माझ्या दुकानात जमल्या आणि मला स्टुलावर बसवून माझे पाय बघितले. एकीनं वात सांगितला, दुसरीनं तिच्या जावेचं असंच झालं होतं ते सांगितलं, जावेचं पुढं काय झालं ते मात्र सांगेना. आणि यांनी तर एका शब्दात निकाल दिला, "अनफिट." तो शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी विसरणार नाही. मला हसू येत नव्हतं. मला पळणं बंद पडतंय असं दिसत होतं.

रागाच्या भरात कंपनीला लिहिलं: 'कागद बघून हाडं सांगू नका. जिवंत माणूस द्या.' आश्चर्य म्हणजे त्यांनी दिला. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर चष्मा लावलेली एक तरुण मुलगी. म्हणाली, ती कंपनीत बुटांच्या फिटिंगचंच काम बघते. आवाज आपल्याकडचा वाटला, म्हणून मी आधी तेच विचारलं.

"कुठली गं तू?"

"औंधची. म्हणजे पुण्यातलं नाही, आपलं यमाईचं."

"मग आधी सांगायचं नाही का! मी काय उगाच शुद्ध बोलत बसले."

ती हसली. म्हणाली, "काकू, बूट बाजूला ठेवा. आधी पाय दाखवा, मोजे न घालता." मी फोन जमिनीवर टेकवून पाय समोर धरले. ती पडद्याकडं वाकली ती तशीच राहिली. मला वाटलं रेंज गेली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "ही जोडवी ना?"

"मग दुसरं काय असणार?"

"कागदावर पाय काढलात, तेव्हा ही घातलेली होती?"

"घातलेली म्हणजे? ती असतातच."

"आणि बूट घालताना?"

"अगं, असतातच म्हटलं ना."

"मग… काढून एकदा बूट घालून बघितलात का?"

"नवरा जिवंत आहे माझा!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या खोलीतनं यांचा आवाज आला, "कोण विचारतंय? काय झालं?"

मुलगी ओशाळली. मग तिला हसू आवरेना, आणि तिचं बघून मलाही. हसताहसताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गळ्याचं माप घेताना मी प्रत्येक बाईचं मंगळसूत्र बाजूला सारते. दंडाचं घेताना बाजूबंद वर करायला लावते. आणि स्वतःच्या पायाचं माप दोन वेढ्यांच्या चांदीसकट काढून, वर त्याखाली ऐटीत आकडे लिहून पाठवले! जोडवी माझ्या लेखी दागिना नव्हतीच. नखं असतात तशी ती होती. भिशीच्या बायकांनी माझे पाय इतके न्याहाळले, पण सगळ्यांच्याच बोटांत जोडवी, त्यामुळं ती एकीलाही दिसली नाहीत. सांगलीच्या मशीननं मोज्यावरनं बघितलं आणि आत काय झुकतं ते सांगितलं, पण मोज्याच्या आत काय आहे ते त्यालाही कळलं नाही.

"आमच्या प्रश्नांत हा प्रश्नच नाही, काकू," मुलगी म्हणाली. "टाच कशी झिजते, कमान किती, आधी कुठं मार लागलाय, सगळं विचारतो. जोडवी आहेत का, हे कुणी लिहिलेलं नाही."

"लिहिणारे बाप्ये असतील."

"असतील," ती म्हणाली. मग तिनं सरळ सांगितलं, "तळ कितीही मऊ केला तरी उतारावर पाय पुढं सरकला की बूट चांदी दाबणार, बोट वाकणार आणि नख टोकाला आपटणारच. काढायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ती घालून नीट बसेल असा बूट आमच्याकडं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. हा मोठा जोड परत पाठवा, मी एक नंबर लहान पाठवते. तोच तुमचा खरा नंबर आहे." कंपनीत राहून इतकं खरं बोलणारी पोर तिथं किती टिकेल याची मला काळजी वाटली. कॉल संपल्यासंपल्या संदेश आला: 'आमच्या सेवेबद्दल आपण किती आनंदी आहात? तारे निवडा.' मी सगळे तारे तिला देऊन टाकले.

नवा जोड चार-आठ दिवसांत आला आणि कपाटावर बसून राहिला. कारण आता प्रश्न बुटाचा उरलाच नव्हता.

मी आधी यांना विचारलं. हे म्हणाले, "माझं काही नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही."

"मग काढू?"

"काढ की. पण आईला विचार." फौजेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात अंग काढून घेणं म्हणतात.

भिशीत विषय काढला, तर तिथंही सगळ्या पुढारलेल्या निघाल्या. कुणाचंच काही नव्हतं, पण सगळ्यांच्या वाक्यात एक 'पण' होता. एकीनं सुचवलं, करंगळीत घाल. दुसरी म्हणाली, हल्ली प्लास्टिकची पातळ मिळतात, ती घालून पळ, देवाला काय कळतंय. बहीण मात्र फोनवर स्पष्ट बोलली. "भाऊजींच्या काळजाचं गेल्या वर्षीच झालंय, ताई. आणि तू जोडवी उतरवायला निघालीस? बुटापायी?"

ते मला लागलं. कारण तेच माझ्याही मनात होतं. मी तोंडानं काहीही बोलते, पण माझा हात बोटापर्यंत जायचा आणि थांबायचा. हे सीमेवर होते तेव्हा महिनामहिना आवाज ऐकायला मिळायचा नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या मी एका पायाचं जोडवं दुसऱ्यावर हळूच आपटायची. टक असा बारीक आवाज यायचा आणि मला वाटायचं, आहे, ठीक आहे. याला अंधश्रद्धा म्हणा, काहीही म्हणा. ज्यानं त्या वाट बघण्यात दिवस काढलेत त्यानं खुशाल हसावं. मला भीती वाटत होती. आणि न पळण्याचीही तितकीच भीती वाटत होती, कारण घाट सुटल्यापासून मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागले होते आणि रात्रीचं जेवण झालं की उद्याची सकाळ कशाला होतेय असं वाटायला लागलं होतं.

सासूबाईंना विचारायची हिंमत मात्र झाली नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मूळच्या म्हसवडकडच्या, ऐंशी पार केलेल्या, आणि गल्लीतल्या भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या. सासरे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेले. यांना त्यांनीच शेतात राबून वाढवलं. संक्रांतीला मी वाण द्यायला निघाले की माझ्या कपाळाकडं, हाताकडं, पायाकडं त्यांची नजर फिरते, काही राहिलं का बघायला. अशा बाईला जाऊन काय सांगायचं, की पळताना टोचतात म्हणून उतरवते?

शेवटी ठरवलं की कुणाला विचारायचं नाही. पहाटे उठून मागच्या पायरीवर बसायचं, गुपचूप काढायची, पळून आलं की पुन्हा घालायची. कुणाला पत्ता लागणार नाही. माझं ठरलं, पण जोडव्यांचं ठरलं नव्हतं. इतक्या वर्षांत पाय पसरलेला, बोटाचं पेर फुगलेलं. साबण लावला, खोबरेल लावलं, ढिम्म हलेनात. मग मी दुकानातला रेशमी दोरा आणला आणि बोटाला घट्ट वेढे देत पेर दाबून बसवायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं आणि उगाचच.

"काय चाललंय गं?"

मागं आत्याबाई उभ्या. हातात तांब्या.

"काय नाही, आत्याबाई."

"काय न्हाई कसं? दोरा कशाला गुंडाळतीस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. नख, कागद, औंधची पोर, सगळं. बोलताना मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मान खाली घालून बसले. तर आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला, भिंतीला धरून कण्हत पायरीवर टेकल्या आणि माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आवं आत्याबाई, पाय नका धरू! पाप लागंल मला."

"गप बस. हलू नगंस."

त्यांनी दोऱ्याचं टोक जोडव्याखालनं ओढलं आणि उलट्या बाजूनं एकेक वेढा सोडत गेल्या. जोडवं पेरावरनं सरकलं. त्यांचं लक्ष बोटावर होतं, आणि बोटाकडं बघतच त्या बोलल्या.

"तुजा सासरा गेला तवा माजी काढली. चौघी जनी धरून बसल्या हुत्या. मला कोन इचारतंय? निघंना तर पक्कड आनली. मी वरडत हुते, आन् लोकं म्हनत हुती, न्हवऱ्यासाठी रडती." त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला. "दिवस झाल्यावर हिरीवर पान्याला गेले. डोईवर हंडा, आन् माजं पाय हलकं लागलं गं. लय हलकं. मानूस जाऊन महिना झाला न्हवता, आन् माजं पाय हलकं! मला माजीच लाज वाटली. आजपतुर कुनाला बोलले न्हाई."

मी दुसऱ्या पायाच्या बोटाला दोरा गुंडाळून दिला.

दुसरंही निघालं. माझ्या बोटांवर दोन पांढरे पट्टे राहिले होते, कधी ऊनच न लागलेले. आत्याबाईंनी त्यावरनं अंगठा फिरवला.

"त्यो हाय तवर तुज्या हातानं काढ, तुज्या हातानं घाल," त्या म्हणाल्या. "फुडं काढायला लोकं येत्यात. ती इचारत न्हाईत."

मी मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. बोटाला कुठं काही लागलं नाही. तो मऊपणा पहिल्यांदाच सगळ्या पायाला लागला. मी उठायला पाहिजे होतं, पण उठवेना. त्यांच्या शेजारी तशीच बसून राहिले आणि मला मोठ्यानं रडू आलं.

"बसलीस काय? जा की," त्या म्हणाल्या. "उजाडलं म्हंजी कुत्री उठत्यात."

जोडवी त्यांच्या हातात होती. मी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी मूठ मिटली.

"मी धरते तवर. ये पळून."